बिल आहे का?

आईचा आवाज फोनवर घोगरा यायला लागला तेव्हा मी नेटवर्कला नावं ठेवली. 2024 ची दिवाळी पंधरा दिवसांवर होती. "घसा बसलाय," आई म्हणाली, "माळ्यावरची धूळ काढली ना." मग दर फोनला काहीतरी नवं. भर दुपारी स्वेटर घालून बसते. चकलीच्या पिठात मीठ दोनदा पडलं. रांगोळी काढायला बसली आणि तिथंच डुलक्या घ्यायला लागली. हे शेवटचं बाबांनी सांगितलं, तेही हसत. आईचं वय 64. या वयात असं व्हायचंच, असं आम्ही तिघांनीही परस्पर ठरवून टाकलं होतं.

घरी गेले तेव्हा मात्र हसू आलं नाही. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली पिशव्या, हाताची कातडी खरखरीत, अंगठी बोटात रुतलेली. काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागायचा, जुन्या ट्रंककॉलसारखा. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मीच तिला रक्त तपासायला घेऊन गेले.

टीएसएच 71.

ज्यांच्या घरात थायरॉइडचा पेशंट नाही त्यांच्यासाठी सांगते, हा आकडा साधारण 4 च्या आत असावा लागतो. आईला गलगंड होता, 2011 साली तिची थायरॉइडची ग्रंथी पूर्ण काढली. तेव्हापासून रोज पहाटे उपाशीपोटी लेव्होथायरॉक्सिनची 100 मायक्रोग्रॅमची एक गोळी. इतर पेशंटांची ग्रंथी थोडंफार काम करत असते, गोळी तिला हातभार लावते. आईच्या बाबतीत गोळी हीच ग्रंथी. मेंदू टीएसएच सोडून ग्रंथीला हाका मारतो; आतून ओ आली नाही की हाका वाढत जातात. 71 म्हणजे मेंदू बोंब मारत होता.

आमच्या डॉक्टरांनी पहिला संशय आईवरच घेतला. "गोळी चहाबरोबर घेता का? कॅल्शियमची कधी घेता? मधे लोहाची गोळी सुरू केलीत का? ॲसिडिटीचं काही?" या सगळ्यांमुळे लेव्होथायरॉक्सिन पोटात नीट शोषलं जात नाही, त्यामुळे प्रश्न रास्त होते. आईला मात्र तो अपमान वाटला. "डॉक्टर, तुळशीला पाणी घालायचं एखाद्या दिवशी राहील, गोळी राहत नाही. साडेपाचला गोळी, साडेसहाला चहा. कॅल्शियम रात्री जेवल्यावर." मग लॅबची चूक असेल म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. 68. कोलेस्टेरॉल चढलेलं, सोडियम उतरलेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की असंच अजून दोन महिने गेले असते आणि त्यात थंडीतला एखादा न्यूमोनिया झाला असता, तर त्यांना बेशुद्ध अवस्थेतच आणावं लागलं असतं. मिक्सिडीमा कोमा म्हणतात त्याला. त्यातून सगळे परत येत नाहीत.

"शेवटची बाटली कुठून घेतली?" त्यांनी विचारलं. आणि लगेच, "बिल आहे का?"

पुढच्या सहा महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारला की मी मोजणं सोडून दिलं.

बिल नव्हतं. दुकान स्टँडच्या रस्त्यावरचं, वीस वर्षांच्या ओळखीचं. मालक आईला काकू म्हणतो, आजारी असली तर मुलाच्या हाती औषध घरपोच पाठवतो. ऑगस्टच्या शेवटी त्यानं आईला शंभर-शंभर गोळ्यांच्या दोन बाटल्या दिल्या, छापील किमतीवर 25 टक्के कमी करून. "काकू, स्कीम आलीय, दोन घेऊन ठेवा." आईनं मला तेव्हा हे फोनवर लढाई जिंकल्यासारखं सांगितलं होतं, आणि मीही शाबासकी दिली होती. पैसे बाबांनी मोबाइलवरून भरले. ओळखीच्या दुकानात बिल मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं बाबांचं म्हणणं. बाबा एसटीत 31 वर्षं कंडक्टर होते. पैसे घेऊन तिकीट न देणाऱ्याचं लाइन चेकिंगला काय होतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! पण तो नियम त्यांच्या लेखी एसटीपुरताच होता.

डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या, आणि त्या त्यांनी सांगितल्या नसत्या तर मी तिन्ही चुका केल्या असत्या. बाटली फेकायची नाही. दुकानात जाऊन भांडायचं नाही, निदान आज तरी नाही. आणि न उघडलेल्या दुसऱ्या बाटलीला हात लावायचा नाही. आईचा ईसीजी काढला, नवी बाटली हॉस्पिटलच्या स्टोअरमधून बिलासह घेतली, डोस दोन टप्प्यांत पूर्वीवर नेला. टीएसएच पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी बघायचा. हे औषध रक्तात सावकाश चढतं आणि सावकाशच उतरतं. म्हणूनच तर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तापाची गोळी बनावट असती तर ताप रात्रीच बोलला असता. थायरॉइड, बीपी, रक्त पातळ करणारं औषध, या गोळ्यांचा खोटेपणा आठवडेच्या आठवडे गप्प बसतो.

घरी आल्यावर आईचा एक जुना गुण कामी आला. ती काही टाकत नाही. थायरॉइडच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यात लवंगा, वेलदोडे, जायफळ. फडताळात अशा नऊ बाटल्या निघाल्या, लेबलं शाबूत. मी त्या ओळीनं मांडल्या आणि शेजारी नवी ठेवली. नवीच जास्त चांगली दिसत होती. रंग ठसठशीत, छपाई सुबक. जुन्या बाटल्यांवर बॅच आणि तारखा नंतर मशिननं मारलेल्या, जरा तिरक्या, ठिपक्याठिपक्यांच्या. नवीवर त्या लेबलाबरोबरच छापलेल्या, एकाच शाईत. कंपनीच्या पत्त्यातल्या एका शब्दात एक अक्षर कमी. बाटलीच्या तळाशी बरीच भुकटी. शंभरातल्या बहात्तर गोळ्या गेलेल्या, अठ्ठावीस शिल्लक. त्यातली एक मी नखानं दाबली तर मोडली.

हे सगळं मला शोधायचं होतं म्हणून दिसलं, हेही सांगायला हवं. कंपन्या लेबल बदलत असतात, बाटलीचं झाकण बदलतात, खऱ्या गोळ्याही वाहतुकीत झिजतात. नुसत्या डोळ्यांनी निकाल देता येत नाही.

लेबलावर क्यूआर कोड होता. 1 ऑगस्ट 2023 पासून देशातल्या जास्त खपाच्या 300 ब्रँडना तो सक्तीचा झालाय, आईचं औषध त्यातलंच. मी फोन धरला. झटक्यात सगळं आलं: औषधाचं नाव, कंपनी, पत्ता, बॅच, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी, परवाना क्रमांक. मी म्हटलं, "बाबा, खरी आहे हो बाटली." मला इतकं हायसं वाटलं की मी उठून पाणी प्यायला गेले.

बाबा चष्मा पुसून तिथंच बसले होते. "नंबर जुळवलेस का?" त्यांनी विचारलं. "नुसतं तिकीट असून काय होतं, वे-बिलाशी नंबर जुळायला लागतो." त्यांनी फोनवरचा बॅच नंबर मोठ्यानं वाचला, मी बाटलीवरचा. शेवटचा आकडा फोनवर 1, बाटलीवर 7. एक्स्पायरीत पाच महिन्यांचा फरक. कुणीतरी खऱ्या बाटलीवरच्या कोडचा फोटो काढून हजारो लेबलांवर उठवला होता. कोड उघडतो की नाही एवढंच बघणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी तेवढं पुरेसं होतं.

कंपनीला फोन केला. नंबर मी जुन्या, लवंगांच्या बाटलीवरचा घेतला. नवीवर छापलेला नंबर कोण उचलेल याची खात्री नव्हती. पलीकडच्या बाईंनी सगळ्या बाजूंचे फोटो मागवले, मग अर्थातच बिल. चार दिवसांनी मेल आला: कोडमधली बॅच आमची आहे, लेबलावरची बॅच आम्ही काढलेलीच नाही, न उघडलेली बाटली कृपया आमच्याकडे पाठवा. मी कुरिअरचं पाकीटही आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, "अजिबात नाही. तुमच्याकडे पुरावा म्हणून एकच वस्तू आहे, ती सरकारकडे जाऊ दे." त्यांनी स्वतः फार्माकोव्हिजिलन्सच्या, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, 1800-180-3024 या नंबरवर नोंद केली. औषधाचा अपाय झाला तर तिथं कळवायचं हे मला अंधुक माहीत होतं. औषध लागूच पडलं नाही, हीसुद्धा कळवायची गोष्ट आहे हे नवीन होतं.

अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर 1800-222-365. तक्रार नोंदली आणि दुसऱ्या आठवड्यात मी सुट्टी टाकून जिल्ह्याच्या ऑफिसात गेले. औषध निरीक्षक माझ्याहून लहान असतील. समोर फायलींचा ढीग, टेबलाखाली लाखेचे सील मारलेली खोकी. मी पिशवीतून दोन्ही बाटल्या काढल्या. उघडलेली त्यांनी पाहिली आणि परत माझ्याकडे सरकवली. "ही घरी जपून ठेवा. पण हिचा नमुना कोर्टात टिकत नाही. उघडल्यावर तुम्हीच आत काही घातलं, असं समोरचा वकील म्हणेल." बंद बाटली मात्र त्यांनी ट्यूबलाइटखाली धरून चारी बाजूंनी बघितली.

"बिल?"

"साहेब, मोबाइलवरून पैसे दिल्याचं आहे."

"त्यावर दुकान कळतं, रक्कम कळते. औषध कळत नाही, बॅच कळत नाही. उद्या तो म्हणेल, काकूंनी त्या दिवशी च्यवनप्राश नेला."

मी गप्प बसले. मग त्यांनीच वाट दाखवली. औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायदा 1940 चा. त्याच्या कलम 26 खाली औषध विकत घेणारा कुणीही साधा माणूस ठरलेली फी भरून ते सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अर्जाचा नमुना 14-ए. मी 40 वर्षांची, पदवीधर, बँकेत नोकरी करते, कर्जाची कागदपत्रं रोज तपासते. हे कलम मी पहिल्यांदाच ऐकत होते. अर्ज तिथंच भरला, बाटली दिली, पोच घेतली. "हे तुमच्या समाधानासाठी," ते म्हणाले. "केस उभी राहायची तर नमुना मला दुकानातूनच काढायला लागेल. तुम्ही त्या दिवशी तिकडं फिरकू नका. आणि घरी कुणाजवळ बोलू नका."

वाट बघत असताना त्यांनी मला शब्दांतला फरक समजावला, कारण मी सरसकट 'डुप्लिकेट' म्हणत होते. औषध खऱ्या कंपनीचं, पण घटक कमी भरला किंवा गोळी पोटात विरघळत नाही, तर ते अप्रमाणित. आत नको ते मिसळलं गेलं तर भेसळयुक्त. आणि दुसऱ्याचं नाव लावून विकलं तर बनावट. आम्हा मराठी माणसांना मधल्या प्रकाराची आठवण द्यायला नको. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल देऊन 14 रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची साखळी उलगडली आणि आरोग्यमंत्र्यांना जावं लागलं. तेच रसायन 2025 मध्ये खोकल्याच्या औषधातून पुन्हा आलं. छिंदवाड्याची लेकरं नागपूरच्या दवाखान्यांत आणली गेली आणि त्यातली बरीच वाचली नाहीत. ते औषध परवाना असलेल्या कारखान्याचं होतं. तिथं आईबापांकडे बिल असतं तरी लेकरू वाचलं नसतं, हेही मला मान्य आहे. पण कुठली बॅच मागे घ्यायची ते कळायलाही कागदच लागतो.

निरीक्षकांनी फिरकू नका म्हटलं होतं. मी फिरकले. दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर ओढणी डोक्यावर घेऊन बसले, चोरी आपणच केल्यासारखी. साहेब दोन पंचांना घेऊन आले. आत काय चाललंय ते धड दिसत नव्हतं. पुढं कागदपत्रांवरून कळलं. फळीवर एकच बाटली होती, आणि ती खरी होती. गल्ल्याखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात आणखी अकरा होत्या, आमच्याच बॅचच्या. त्यातल्या चार नमुन्यासाठी घेतल्या. त्यांचे पैसे साहेबांनी रोख मोजून दिले आणि पावती घेतली. कायदाच तसा आहे, निरीक्षकालासुद्धा फुकट उचलता येत नाही. मला त्या प्रसंगातली ही गोष्ट सगळ्यात जास्त लक्षात राहिली: त्या दुकानात त्या बॅचची पावती झालेला तो एकमेव व्यवहार असावा. चार भाग सीलबंद झाले. एक दुकानदाराकडे, एक विश्लेषकाकडे, एक कोर्टासाठी, एक दुकानदार ज्याचं नाव सांगेल त्या माल पुरवणाऱ्यासाठी. उरलेल्या सात बाटल्या विकायच्या नाहीत असा लेखी आदेश.

मग दुकानदाराला विचारलं गेलं, माल कुणाकडून घेतला? कलम 18-ए प्रमाणे ते सांगणं त्याला बंधनकारक आहे. त्यानं सांगितलं, मोटारसायकलवरून एक माणूस येतो, स्कीमचा माल आणतो, रोखीत देतो.

बिल आहे का?

त्याच्याकडेही नव्हतं.

या ठिकाणी माझा राग जरा अडखळला. तो माणूस बनावट गोळ्या पाडणारा नव्हता. तो आमच्यासारखाच, ओळखीवर चालणारा. त्याच्याकडे येणाऱ्या माणसाला बिल मागणं त्यालाही अवघड वाटलं असेल. पण तो फार्मासिस्ट आहे, आणि एक हिशेब त्याला चुकूनही न कळण्यासारखा नव्हता. साहेबांनी तो मला नंतर कागदावर मांडून दाखवला. लेव्होथायरॉक्सिन आवश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याच्या कमाल किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे, आणि त्या हिशेबात किरकोळ दुकानदाराचा नफा 16 टक्के धरलेला असतो. ज्याला 16 मिळायचे तो काकूंना 25 कसे सोडतो? मोठ्या साखळी दुकानांना घाऊक खरेदीत जास्त सूट मिळते, जेनेरिकमध्ये तर नफ्याला सुमारच नसतो, त्यामुळे सूट दिसली की औषध खोटं असं मुळीच नाही. पण छोट्या दुकानात, नियंत्रित किमतीच्या ब्रँडवर, एकदाच आलेली 'स्कीम' हा प्रश्न विचारण्याजोगा होता. त्यानं विचारला नाही. आईनंही नाही, मीही नाही.

कायद्यात त्याच्यासाठी सुटकेची वाट ठेवलेली आहे. परवानाधारक वितरकाकडून माल घेतला, तो बनावट आहे हे मला माहीत नव्हतं, समजण्यासारखंही नव्हतं आणि मी तो नीट साठवला, असं विक्रेत्यानं सिद्ध केलं तर तो वाचतो. ती वाट खरेदीच्या बिलावरून जाते. नाहीतर बनावट औषध विकण्याला 2008 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं कैद आहे, जन्मठेपेपर्यंत. त्यानं कुणी मेलं किंवा जबर इजा झाली तर किमान दहा. त्याआधी 2003 मध्ये डॉ. माशेलकर समितीनं तर फाशीची शिफारस केली होती.

रिपोर्ट यायला मार्च उजाडला. मधल्या काळात मी रात्री बसून वाचत राहायचे. 2014 ते 2016 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशभरातून सुमारे 47 हजार नमुने तपासले. अप्रमाणित निघाले 3.16 टक्के, बनावट 0.0245 टक्के. वाचून बरं वाटायला हवं होतं. पण सर्वेक्षणवाला फळीवरची बाटली उचलतो. आमची गल्ल्याखालून आली होती. केंद्राच्या औषध नियंत्रकांची दर महिन्याला नापास औषधांची यादी निघते, तीही चाळायला लागले. ऑगस्ट 2024 च्या यादीत तर घराघरांत असणाऱ्या ब्रँडची नावं होती, आणि काही कंपन्यांचं म्हणणं, त्या बॅच आमच्या नाहीतच. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातल्या अँटिबायोटिकपासून सुरू झालेल्या तपासाचं 1,200 पानी आरोपपत्र सप्टेंबर 2024 मध्येच दाखल झालं होतं. सरकारी दवाखान्यांना पुरवलेल्या त्या गोळ्यांत निघालं काय, तर टाल्कम पावडर आणि स्टार्च. हरिद्वारच्या जनावरांच्या औषधांच्या कारखान्यात पाडलेल्या.

दिल्लीची मार्च 2024 ची बातमी वाचून तर मी उठून फडताळ उघडलं. कॅन्सरच्या महागड्या इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या दवाखान्यांतून विकत घ्यायच्या आणि त्यात बुरशीवरचं स्वस्त औषध भरून पुन्हा विकायच्या. कुपी खरी, लेबल खरं, बॅच खरी, आतलं औषध तेवढं खोटं. तिथं कोड जुळवून काय कळणार? आईच्या नऊ बाटल्यांची लेबलं मी खरवडून काढणार होते, पण तिनं ओढून घेतल्या. "त्या होत्या म्हणून तुला कळलं ना?" तडजोड अशी झाली की घरातल्या बाटल्या राहतील, पण भंगारवाल्याला एकही लेबलासह जाणार नाही. खोकी फाडून, स्ट्रिपा कात्रीनं कापून.

स्ट्रिपवरून आठवलं. आमच्याकडे चार गोळ्या हव्या असल्या की दुकानदार कात्रीनं चार कापून देतो, आणि बॅच-एक्स्पायरी ज्या टोकाला छापलेली असते ते टोक बहुधा दुकानातच राहतं. मी आता ते टोकच मागते. दुकानदार कुरकुरतात, कारण मग उरलेल्या सहा पुढच्या माणसाला विकताना त्यांची पंचाईत. माझ्या मते ती त्यांचीच पंचाईत असायला हवी.

रिपोर्ट दोन आले, एक माझ्या अर्जाचा, एक साहेबांच्या नमुन्याचा. दुसऱ्याची प्रत मला ऑफिसात वाचायला मिळाली. दोन्हींत तांत्रिक भाषेत एकच गोष्ट: नमुन्यात लेव्होथायरॉक्सिन आढळले नाही. कमी नव्हे, नाहीच. कंपनीचं, हे आमचं उत्पादन नव्हे, असं पत्र सोबत. मी आईला वाचून दाखवलं. तिचा टीएसएच तोवर 3.8 वर आला होता, आवाज मोकळा झाला होता, भांडणही पूर्वीसारखं जमायला लागलं होतं. तिनं विचारलं, "मग मी बहात्तर दिवस खाल्लं काय?"

मी रिपोर्ट पुन्हा वाचला. त्यात काय नव्हतं ते लिहिलं होतं. काय होतं ते लिहिलेलं नव्हतं. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "गुन्हा सिद्ध व्हायला ते लागत नाही." आईला हे उत्तर पटलेलं नाही. अजूनही मधेच विचारते. पोटात गेलेल्या गोष्टीचं नाव माणसाला कळावं, एवढंच तिचं म्हणणं.

मोटारसायकलवाला सापडलेला नाही. त्यानं दिलेल्या कार्डावरचा परवाना क्रमांक दुसऱ्या जिल्ह्यातल्या, केव्हाच बंद पडलेल्या एका एजन्सीचा निघाला. दुकानदारावर केस चालू आहे, तारखा पडताहेत. परवाना काही दिवस निलंबित होता, मग दुकान पुन्हा उघडलं. गावातले काही लोक आमच्याशी बोलेनासे झाले. वीस वर्षं रात्री-अपरात्री औषध दिलं त्या माणसाला कोर्टात उभं केलं म्हणून. आई देवळात जायची वेळ बदलून जाते. माझ्याकडे त्यांना द्यायला एकच उत्तर आहे, 71 हा आकडा, आणि तो त्यांना सांगून कळत नाही.

गेल्या जुलैत मी घरी असताना बाबांना रात्री ताप भरला. बाहेर धो धो पाऊस, दहा वाजून गेलेले, आमचं नवं मेडिकल बंद. स्टँडच्या रस्त्यावर एकच दिवा दिसत होता. मी छत्री मिटून पायरी चढले. तो एकटाच होता, मोबाइल बघत. मला पाहून उभा राहिला.

"पॅरासिटामॉल," मी म्हटलं. "साडेसहाशेची. एक स्ट्रिप."

त्यानं फळीवरून काढली, एक्स्पायरी बघितली, काउंटरवर ठेवली. मी पैसे काढले. त्यानं ते घेतले नाहीत. वळून कॉम्प्युटर सुरू केला. जुना, त्याला चालू व्हायलाच वेळ लागला. मग की-बोर्डवर दोन बोटांनी बॅच नंबर, स्ट्रिप डोळ्यांजवळ धरून, एक एक आकडा. प्रिंटर खडखडत पुढं-मागं जायला लागला. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत उभे होतो.